वजनाच्या वहीतली खोडलेली ओळ

आमच्या गॅरेजमध्ये वरच्या फळीवर एक दोनशे पानी वही असते. डावीकडे गाडीतून काढलेल्या वस्तूचं नाव, उजवीकडे वजन, पान संपलं की बेरीज. आई घरखर्चाची वही आखायची तशीच ही आखली आहे, फक्त रुपयांच्या जागी किलो. मी एका हॉस्पिटलच्या अकाउंट्समध्ये काम करते, त्यामुळे आकडे रकान्यात बसले की मला बरं वाटतं. या वहीत एकच ओळ खोडलेली आहे. तिच्यापुढे लिहिलं होतं : एअरबॅग, दोन्ही, ७.०. ती का लिहिली आणि का खोडली, ते आज सांगते.

गाडी आहे १९९४ सालची माझदा मियाटा. लाल, दोन सीटची, कापडी छताची. दिवे लावले की बॉनेटवरचे दोन डोळे उघडतात. डेट्रॉइटच्या पश्चिमेला एका निवृत्त शिक्षकाकडून ती मी सहा वर्षांपूर्वी घेतली. मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ पत्रा खाऊन टाकतं, म्हणून नोव्हेंबर ते एप्रिल ती झाकून ठेवते. त्या पाच-सहा महिन्यांत जी काही खटपट करायची ती करते. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा ट्रॅकवर नेते, बहुतेक वेळा साउथ हेवनजवळच्या जिंजरमन रेसवेवर. शर्यत नसते. हेल्मेट घालून, ठरलेल्या गटात, आपापल्या वेगानं फेऱ्या मारायच्या.

ही गाडी पहिल्यांदा १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात दाखवली गेली. तिच्या जपानी इंजिनिअरांनी डोळ्यांसमोर एकच कल्पना ठेवली होती : 'जिनबा इत्ताई', म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. एखादा ओला, वळणावळणाचा रस्ता घेऊन या गाडीत बसलं की त्या शब्दांचा अर्थ मांडीखाली कळतो. ती वेगवान नाही. १९९४ ला तिला १.६ च्या जागी १.८ लिटरचं इंजिन मिळालं तरी ताकद १२८ अश्वशक्ती. आज साधी कौटुंबिक गाडीसुद्धा तिला सिग्नलवर मागे टाकते. पण ती हलकी आहे, हजार किलोच्या जेमतेम वर. तिचं सगळं सुख त्या हलकेपणात आहे. म्हणून ज्यांच्याकडे मियाटा असते त्यांना कधी ना कधी वजनाचं वेड लागतं. मला दुसऱ्याच वर्षी लागलं.

आधी निघाला मागच्या मालकानं बसवलेला भलामोठा स्पीकर. मग डिक्कीतला गालिचा, मग जुन्या रेडिओच्या मेलेल्या तारा. बॅटरी बदलली ती हलकी घेतली. प्रत्येक वस्तू सामानाच्या काट्याला लटकवून वजन करायचं काम माझ्या लेकाचं. तो दहा वर्षांचा आहे आणि दशांशाच्या बाबतीत माझ्यापेक्षा काटेकोर आहे.

एअरबॅगवर नजर जायला दोन कारणं होती. एक उघड : अमेरिकेत विकलेल्या या गाडीचं स्टीअरिंग जाडजूड, चार दांड्यांचं, मधोमध उशीसारखा फुगवटा. जपानमध्ये याच गाडीच्या सुरुवातीच्या कितीतरी प्रती बॅगेशिवाय, छान बारीक तीन दांड्यांच्या स्टीअरिंगसह विकल्या गेल्या. ते फोटो पाहिले की वाटायचं, मूळ गाडी ती, आपल्याकडे आली ती कायद्यासाठी फुगवलेली. १९९४ ला तर शेजारच्या सीटसमोरही बॅग आली, म्हणजे माझ्या गाडीत दोन. दुसरं कारण मी बरेच दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. त्याच्याकडे येते.

गेल्या जानेवारीत एका शनिवारी सकाळी मी कामाला लागले. मियाटाची बॅटरी डिक्कीत उजव्या कोपऱ्यात असते. तिची ऋण बाजूची तार सोडली आणि अर्धा तास थांबले. एवढं का, तर बॅगेच्या यंत्रणेत थोडी वीज साठवून ठेवलेली असते, अपघातात बॅटरीची तार तुटली तरी बॅग उघडावी म्हणून. ती जिरेपर्यंत हात लावायचा नाही. तेवढ्यात चहा केला. मग चाकं सरळ करून स्टीअरिंगच्या मागून दहाच्या पान्यानं चार बोल्ट सोडले. बॅग पुढे आली. तिच्यामागे वेगळ्या रंगाचा छोटा कनेक्टर, आणि त्याच्यामागे क्लॉक स्प्रिंग : प्लॅस्टिकच्या डबीत घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चपटी तार. स्टीअरिंग कितीही फिरलं तरी बॅगेशी जोडणी तुटू नये म्हणून ही गुंडाळी सैल-घट्ट होत राहते. तीस वर्षं ती उलगडत आणि मिटत आलेली. बॅग सोडवल्याशिवाय ती डोळ्यांना दिसतच नाही.

बॅग हातात घेतली तेव्हा मी दचकले. आकाराच्या मानानं जड, वरवंटा उचलल्यासारखी. वरून मऊ रबरी झाकण, त्यावर बोटांनी दाबलं की बारीक शिवण जाणवते, तिथूनच ते फाटणार. खाली लोखंडी डबा. त्या काळच्या बहुतेक बॅगांत या डब्यात सोडियम अझाइडच्या गोळ्या असतात. पुढून जोराची धडक बसली की सेन्सर मिटतो, ठिणगी पडते, गोळ्या पेटून नायट्रोजन वायू होतो आणि सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या आसपास बॅग फुगून उभी राहते. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. मागच्या छिद्रांतून ती लगेच रिकामीही होते, म्हणजे अंग तिच्यात रुततं, उडून मागे येत नाही. म्हणजे माझ्या हातात होतं ते एक भरलेलं हत्यार. झाकण बाहेरच्या दिशेनं, अंगापासून लांब धरून मी ते उचलून नेलं आणि लाकडी फळीवर ठेवलं.

शेजारच्या सीटची बॅग त्याच दुपारी ग्लोव्ह बॉक्स काढून खालून सोडवली. त्यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त पाठ दुखली.

मग काटा. जुनं स्टीअरिंग बॅगेसह ३.७ किलो. मी मागवलेलं इटालियन, चामड्याचं, गाडीच्या दांड्याशी जोडणाऱ्या तुकड्यासह २.१. म्हणजे बचत १.६. शेजारची बॅग तिच्या लोखंडी चौकटीसकट ४.४. सेन्सर, तारा, कंट्रोलचा डबा मी अजून काढले नव्हते, पण अंदाजे एक किलो धरला. लेकानं बेरीज केली आणि वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं : ७.०.

संध्याकाळी अण्णांचा फोन आला. तिकडे सकाळ. माझे वडील सांगलीला एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं मेकॅनिक होते. पाना धरायला मी त्यांच्याकडूनच शिकले. मी उत्साहात सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले,

"काढलंस ते ठेवलंस कुठं?"

"फळीवर, अण्णा."

"तोंड कुठं त्याचं?"

"वर."

"झाकण वर ना? बरं केलंस. खाली असतं आणि फुटलं असतं तर अख्खा डबा छताला गेला असता."

अण्णांनी एअरबॅग कधी हातात घेतलेली नाही. पण एसटीच्या जुन्या चाकांना लोखंडी लॉक रिंग असायची. हवा भरताना ती नीट बसलेली नसेल तर सुटून उडायची आणि समोर माणूस असेल तर संपला. वर्कशॉपमध्ये नवीन पोराला पहिला धडा हाच : हवा भरताना रिंगसमोर उभं राहायचं नाही. दाबून ठेवलेली ताकद कुठल्या दिशेनं सुटेल, हे त्यांना कुठल्याही वस्तूकडे बघून कळतं.

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला.

"त्याच्या जागी काय बसवलंस?"

"हलकं स्टीअरिंग. फार सुरेख आहे, अण्णा, फोटो पाठवते."

"ते स्टीअरिंगच्या जागी स्टीअरिंग झालं. बॅगच्या जागी काय बसवलंस?"

मी गप्प राहिले. ते ओरडले नाहीत, उपदेशही केला नाही. वर्कशॉपमध्ये विचारावं तसं विचारलं. एक पार्ट काढला तर त्याचं काम आता कोण करणार? त्यांच्याकडे प्रत्येक कामाच्या कागदावर हे लिहावंच लागायचं.

रात्री मी गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसले. नवीन स्टीअरिंग बसवलेलं होतं. खरंच सुरेख दिसत होतं. मध्ये हॉर्नचं बटण आणि त्याभोवती सहा ॲलन बोल्टांची गोल रांग. पट्टा लावला आणि हळूहळू पुढे वाकत गेले. तीन बिंदूंचा पट्टा छाती धरतो, पण धडकेत तो थोडा ताणला जातो आणि डोकं मानेवरून पुढे, खाली जातं. मी पाच फूट एक इंच आहे. कपाळ टेकलं ते नेमकं त्या सहा बोल्टांवर. थंड लागले. तसंच क्षणभर राहिले आणि त्या क्षणी मला माझं उत्तर कळलं होतं, पण मला हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही.

म्हणून हिशेब. मियाटाच्या टाकीत ४८ लिटर पेट्रोल मावतं. लिटरमागे साधारण पाऊण किलो धरा. ट्रॅकवर जाताना टाकी अर्धीच भरली की १८ किलो वाचले, फुकट, पाना न उचलता. डिक्कीतलं स्पेअर चाक आणि जॅक ट्रॅकवर पोचल्यावर बाहेर काढून ठेवले की आणखी तेरा-चौदा. म्हणजे बॅगांच्या सात किलोंच्या चौपटीहून जास्त वजन संध्याकाळी परत जागेवर ठेवता येतं आणि त्यात कुणाच्या हाडाचा प्रश्न येत नाही. मी धरून गाडीचं वजन अकराशे किलो. सात किलो म्हणजे शेकडा एकही नाही. जिंजरमनवर एका वळणावर मी ब्रेक जरा लवकर दाबते, त्यात याहून जास्त वेळ जातो.

आणि स्टीअरिंगच्या हाताला लागणाऱ्या हलकेपणाचं म्हणाल, तर बॅगेचं वजन मधोमध, आसाजवळ असतं. फिरवताना जाणवतं ते कडेचं वजन. नवीन स्टीअरिंग चपळ वाटत होतं ते मुख्यतः कड बारीक आणि व्यास कमी असल्यामुळे. ही गोष्ट मला दोनशे डॉलर खर्च केल्यावर कळली.

मी आता ते दुसरं कारण सांगते, कारण ते खोटं नव्हतं. मला त्या जुन्या बॅगेची भीती वाटायची.

माझ्या गाडीतली बॅग पहिल्या पिढीतली आहे. अमेरिकेत १९८४ साली शंभरातले जेमतेम चौदा लोक पट्टा लावत. त्यामुळे नियम असा झाला की पट्टा न लावलेला सरासरी उंचीचा पुरुष तासाला ४८ किलोमीटर वेगानं भिंतीवर आदळला तरी बॅगेनं त्याला वाचवावं. एवढ्या माणसाला थोपवायचं तर बॅग फार जोरात सुटावी लागते. त्या पुरुषासाठी ठीक. पण माझ्यासारखी बुटकी बाई सीट पुढे ओढून बसते, तिच्या छातीशी बॅग सुटतानाच भेटते, सगळ्यात जास्त जोर असताना. इथल्या सरकारी सुरक्षा संस्थेच्या, एनएचटीएसएच्या, आकड्यांप्रमाणे १९९० ते २००८ या काळात कमी वेगाच्या अपघातांत पुढच्या बॅगेनंच २९० हून जास्त माणसं मेली. त्यातले जवळजवळ नव्वद टक्के मृत्यू १९९८ च्या आधी बनलेल्या गाड्यांतले. त्यात मुलं होती, आणि स्टीअरिंगला खेटून बसणाऱ्या बायका होत्या. पुढे नियम बदलला, १९९८ च्या मॉडेलपासून बॅगा सौम्य झाल्या. माझी गाडी त्याच्या चार वर्षं आधीची.

हे वाचून मी मागेच ठरवलं होतं की बॅग काढून टाकणंच शहाणपणाचं. वजन हे लोकांना सांगायचं कारण होतं.

पण त्याच वाक्यातला पुढचा अर्धा भाग मी नीट वाचला नव्हता. मेलेल्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त जणांनी पट्टा लावला नव्हता किंवा नीट लावला नव्हता. आणि त्याच संस्थेचा दुसरा आकडा : १९८७ ते २०१७ या काळात पुढच्या बॅगांनी ५०,४५७ जीव वाचवले. जमा आणि खर्च एकाच पानावर मांडल्यावर मला माझीच लाज वाटली, कारण मी फक्त खर्चाची बाजू वाचून ताळेबंद पूर्ण केला होता. हॉस्पिटलमध्ये असं करणाऱ्याला मी दुसऱ्यांदा कागद दिला नसता.

संस्थेचा सल्ला साधा आहे : छातीचं हाड आणि बॅगेचं झाकण यांत किमान दहा इंच अंतर ठेवा. मी शिवणकामाचा टेप घेऊन, माझ्या नेहमीच्या बैठकीत बसून नवऱ्याला मोजायला लावलं. साडेआठ इंच. या गाडीचं स्टीअरिंग वरखाली होत नाही आणि मागेपुढेही होत नाही, म्हणजे सरकायचं ते मीच. सीट मागे घेतली तर क्लच पूर्ण दाबला जात नाही. शेवटी तिन्ही पेडलांवर दीड इंच जाडीचे ॲल्युमिनियमचे ठोकळे बोल्टनं पक्के बसवले, सीट तेवढी मागे घेतली आणि पाठ एक खाच मागे झुकवली. पुन्हा टेप. साडेदहा. सहा वर्षं मी घाबरत होते आणि उपाय दीड इंचाचा होता.

ट्रॅकवर ओळखीचे काही जण खरोखरच्या शर्यतीत उतरतात. स्पेक मियाटा हा शर्यतीचा वर्गच आहे, सगळ्यांच्या गाड्या याच. त्यांच्या गाड्यांत एअरबॅग नसते, आणि नसणंच बरोबर. मला ते दाखवून लोक म्हणायचे, बघ, रेसवाले पहिल्यांदा हेच काढतात. काढतात खरं. पण त्यातल्या एका गाडीत मी दार उघडून बसले तेव्हा बघितलं की काय काय घातलं आहे. चारी बाजूंनी पोलादी पिंजरा. खांदे, कंबर आणि मांड्यांमधून येणारा सहा टोकांचा हार्नेस, तो इतका घट्ट की हात पुढे न्यायलाही कष्ट पडतात. बादलीसारखी सीट, खांद्यांना आणि डोक्याला कडेनं धरणारी. हेल्मेट. आणि हान्स.

हान्सबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण ते आमच्या मिशिगनचं आणि माझदाचंही आहे. हार्नेस अंग घट्ट बांधतो तेव्हा डोकं मात्र मोकळं राहतं, आणि हेल्मेटचं वजन घेऊन ते पुढे झेपावलं की कवटीच्या तळाशी मान तुटते. १९८१ साली मिड-ओहायोच्या ट्रॅकवर पॅट्रिक जॅकमार हा ड्रायव्हर असाच गेला. त्याचा मित्र जिम डाउनिंग, माझदा चालवणारा रेसर, अस्वस्थ झाला आणि आपल्या मेहुण्याकडे गेला. मेहुणा रॉबर्ट हबर्ड, मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत शरीराच्या यंत्रशास्त्राचा प्राध्यापक. दोघांनी मिळून खांद्यांवर बसणारी ती कडक कॉलर बनवली, जी हेल्मेटला दोन पट्ट्यांनी धरून ठेवते. वर्षानुवर्षं बहुतेक रेसरांनी ती अवघडते म्हणून घातली नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत डेल अर्नहार्ट हा नामवंत रेसर अपघातात मेला आणि त्याच वर्षी नॅस्कारनं, म्हणजे त्या शर्यती भरवणाऱ्या संस्थेनं, डोकं-मान धरणारं साधन सक्तीचं केलं.

म्हणजे रेसवाल्यांनी बॅग काढली तेव्हा अण्णांच्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर होतं, भलं मोठं. माझ्याकडे होता एक रोल बार, म्हणजे सीटमागची पोलादी कमान, तोही फक्त त्याच्याशिवाय उघड्या गाडीला ट्रॅकवर सोडत नाहीत म्हणून बसवलेला. तो उलटलेल्या गाडीत डोकं वाचवतो, स्टीअरिंगवर आपटणारं नाही. आणि उलटं टोकही आहे : रेसगाडीचा पिंजरा हेल्मेटशिवाय रस्त्यावर नेला तर तेच पोलाद उघड्या डोक्याला फोडतं. एक वस्तू ट्रॅकवरून उचलून रस्त्यावर आणली की तिचा अर्थ बदलतो. माझी गाडी वर्षातले सहा दिवस ट्रॅकवर असते आणि उरलेला उन्हाळा दूध-ब्रेड आणायला जाते, ट्रकांच्या मध्ये.

आणखी एक मार्ग लोक सांगत होते. बॅग काढली की डॅशबोर्डवरची एअरबॅगची बत्ती पेटून राहते किंवा लुकलुकते. तर म्हणे त्या कनेक्टरमध्ये दोन-तीन ओहमचा एक रेझिस्टर खोचायचा, म्हणजे यंत्रणेला वाटतं बॅग जागेवर आहे आणि बत्ती विझते. वस्तू चार आण्याची. ती मला सगळ्यात जास्त टोचली. उद्या ही गाडी मी विकली आणि कुणा विशीतल्या मुलीनं ती घेतली, तर ती किल्ली फिरवेल, बत्ती पेटून विझेल, आणि तिला वाटेल आपल्यासमोर बॅग आहे. इथे कायद्यानं गॅरेजवाल्यांना, डीलरांना चालू सुरक्षा-यंत्रणा बंद करायला मनाई आहे. स्वतःच्या गाडीत स्वतः काढणाऱ्या मालकाला केंद्राचा तो कायदा लागत नाही, राज्यांचे नियम वेगवेगळे. पण त्या मुलीचं काय, हे कायद्यानं सांगायची गरज मला वाटली नाही. ज्यांनी पूर्ण विचार करून बॅग काढली आहे त्यांनी निदान ती बत्ती पेटती ठेवावी, एवढं मी हात जोडून सांगेन.

वाचता वाचता मला एअरबॅगची कल्पना सुरुवातीला मांडणाऱ्यांतला एक माणूस सापडला. पेनसिल्व्हेनियातला जॉन हेट्रिक. १९५२ च्या वसंतात रविवारी बायको आणि लहान मुलीला घेऊन तो गाडीतून निघाला होता. रस्त्यात दगड आला, त्यानं गाडी वळवून ब्रेक मारला, गाडी खड्ड्यात गेली. त्या क्षणी नवरा-बायको दोघांनीही, न ठरवता, मध्ये बसलेल्या मुलीसमोर आडवा हात घातला. कुणाला लागलं नाही. पण घरी येताना त्याच्या डोक्यात एकच विचार : हाताच्या जागी दुसरं काही पटकन आडवं येऊ शकेल का? १९५३ च्या ऑगस्टात त्याला हवेच्या उशीचं पेटंट मिळालं.

तो आडवा हात मला ठाऊक आहे. एसटीच्या पुढच्या बाकावर, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला की आईचा हात माझ्या छातीवर यायचा. बांगड्या टोचायच्या. अजूनही सिग्नलला जोरात थांबावं लागलं की माझा उजवा हात आपोआप शेजारच्या रिकाम्या सीटकडे जातो.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी सगळं परत बसवलं. बॅटरी सोडलेलीच होती. क्लॉक स्प्रिंग मधोमध आणून, स्टीअरिंगचा मोठा नट टॉर्क रेंचनं पुस्तकात दिल्याप्रमाणे आवळला. कनेक्टर बसताना टक् असा आवाज झाला. चार बोल्ट. बॅटरीची तार जोडण्याआधी गाडीत कुणीही नसावं, लेकाला गॅरेजच्या दाराबाहेर उभं केलं. तार जोडली, बाजूनं हात घालून किल्ली फिरवली. बत्ती पेटली. मी मोजत राहिले. काही सेकंदांनी विझली. अण्णांना व्हिडिओ पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "विझली. बरं झालं." इटालियन स्टीअरिंग भिंतीवर खिळ्याला टांगलं आहे. येता-जाता हात लावते, चामडं खरंच छान आहे.

शेजारच्या बॅगेचा प्रश्न मात्र सुटलेला नाही, आणि तो माझ्या घरातलाच आहे. दोन सीटची गाडी, मागे जागा नाही, आणि ती बॅग बंद करायची सोय माझ्या गाडीत नाही. तेरा वर्षांखालच्या मुलांनी मागे बसावं असा सल्ला आहे, आणि पहिल्या पिढीच्या बॅगेसमोर मी माझ्या मुलाला बसवणार नाही. त्यानं बॅगा काढलेल्या असताना साळसूदपणे विचारलं होतं, "आई, आता तर काढलीच आहे. मग मी बसू?" त्याचं म्हणणं चूक नव्हतं. एका बाजूनं विचार केला तर त्याच्यासाठी बॅग नसलेली गाडीच बरी. पण बॅग नाही म्हणून त्याच्यासमोर कडक डॅशबोर्ड असणार, मोठ्या माणसाच्या मापाचा पट्टा त्याच्या मानेवर येणार. मी नाही म्हटलं. त्यानं वाद घातला नाही, पण तोंड पाडलं, आणि ते बघायला मला त्रास झाला. हा एकच निर्णय असा आहे की ज्याची बेरीज मला अजून नीट जमलेली नाही. थांबणं एवढंच हातात आहे.

मे महिन्यात हंगाम सुरू झाला. आम्ही तिघं जिंजरमनला गेलो, नवरा आणि लेक दुसऱ्या गाडीनं माझ्या मागे. अर्धी टाकी. पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागेत, पोचल्यावर स्पेअर चाक आणि जॅक उतरवले आणि लेकानं ते काट्याला लटकवले. १३.२. वहीत त्यानं ते लिहिलं, वरची सात किलोंची ओळ पट्टी धरून सरळ रेघेनं खोडली आणि पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक आकडा काढला : २८. विचारलं तर म्हणाला, तेरा पूर्ण व्हायला इतके महिने राहिलेत.